गावाबाहेरचा लोकरीचा कारखाना : एक भिजत घोंगडे

माणकाठ

नमस्कार. आटपाडी तालुक्यातील आमच्या गावाच्या पश्चिमेला, ओढ्याच्या काठावर, काळ्या दगडाच्या जोत्यावर पत्र्याची एक लांबट इमारत उभी आहे. गावात तिला आजही ‘लोकरीचा कारखाना’ म्हणतात, पण माझ्या जाणत्या वयात तिथे लोकरीचा पुंजकासुद्धा आत-बाहेर होताना मी पाहिलेला नाही. मागच्या बाजूला सिमेंटचे चार हौद एका ओळीत आहेत आणि आत, पत्र्यातून गळणाऱ्या पाण्याने गंजलेले, एक अवाढव्य यंत्र आहे. त्याच्या रुळांवर बारीक तारांचे दात आहेत. लहानपणी आम्ही त्याला राक्षसाचा जबडा म्हणत असू.

माझी आजी तिथे तीन वर्षे रोजगारावर होती. बहात्तरच्या दुष्काळानंतर दोन-तीन वर्षांनी कारखाना सुरू झाला आणि माझे वडील नोकरीला लागण्याच्या सुमारास, म्हणजे ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, तो बंद पडला, एवढेच ती सांगू शकते. चालवणारी मंडळी सहकारी संस्थेची होती. बंद का पडला, असे गावात विचारले तर एकच उत्तर मिळते : ‘खाल्ला.’ कोणी खाल्ला, किती खाल्ला, हे कोणी सांगत नाही. मेंढरांच्या मुलखात लोकरीचा कारखाना चालू नये, याला एवढेच कारण पुरेसे आहे असे मला वाटत नाही. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ या भागांतील लोकरीच्या धंद्याविषयी ज्यांना प्रत्यक्ष माहिती आहे, त्यांनी कृपया लिहावे.

कोरडवाहू

शीर्षक फार समर्पक आहे. ओले झालेले घोंगडे उचलवत नाही आणि लवकर वाळतही नाही, म्हणूनच तो वाक्प्रचार आपल्याच भागात जन्मला असावा अशी माझी समजूत आहे. गावच्या उत्तराविषयी एवढेच सांगतो की आमच्याकडेही बंद पडलेल्या प्रत्येक संस्थेचा मृत्यूचा दाखला त्याच एका शब्दात लिहिला जातो.

सूतगुंता

माझे माहेर म्हसवडचे आणि आम्ही सणगर, म्हणजे घोंगडी विणणारे. आजोबांच्या घरात दोन खड्डामाग होते. त्यामुळे कारखान्याविषयी नाही, तरी त्याच्या आधीच्या व्यवस्थेविषयी मी खात्रीने लिहू शकते.

आमच्याकडे लोकर कधीच ‘कच्चा माल’ म्हणून एका ढिगात येत नसे. काळी वेगळी, पांढरी वेगळी, करडी वेगळी, आणि कोकराची पहिली कातरण म्हणजे जावळ ते तर अगदी वेगळे. जावळाचे घोंगडे मऊ असते आणि त्यासाठी गिऱ्हाईक आधी सांगून ठेवत असे. आई आणि आत्या लोकर हाताने विंचरून, धनुकलीने पिंजून द्यायच्या, बायका चरख्यावर सूत काढायच्या आणि धनगर बाप्ये मेंढरांमागे चालता चालता चातीवर, म्हणजे हातातल्या टकळीवर, काढायचे. ताण्याचे सूत घट्ट पिळाचे लागते, बाण्याचे थोडे सैल चालते. ताणा अंगणात लांब ताणून त्याला चिंचोक्याची खळ लावायची, हे माझ्या लहानपणीचे सर्वांत मोठे काम. चिंचोके भाजायचे, भिजवायचे, वाटायचे आणि शिजवायचे, मग ती खळ कुंच्याने सुतावर एकसारखी फिरवायची. ढग आले की घरातले सगळे अंगणात धावत, कारण खळ लावलेला ताणा भिजला की दोन दिवसांचे काम मातीत जाई.

एवढे सांगण्याचे कारण असे, की या साखळीतले प्रत्येक काम कोणाच्या तरी घरात होत होते. कारखान्याने त्यातले नेमके कोणते काम हाती घेतले होते, हे आधी समजून घ्यावे लागेल.

कृष्णाकाठ

१८८५ साली छापलेल्या सातारा जिल्ह्याच्या गॅझेटियरमध्येही धनगर आणि सणगर यांच्या कांबळी विणण्याच्या धंद्याची नोंद आहे. मला आश्चर्य वाटते ते याचे, की आपल्याकडे आडगावी निघालेल्या कारखान्यांचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला. १९१० सालची किर्लोस्करवाडी, कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा १९१६ सालचा काचकारखाना आणि त्याचा प्रभाकर कंदील शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतो. लोकरीच्या कारखान्यावर मात्र दोन ओळी सापडत नाहीत.

धागाकर्त्याला एक सूचना. जुनी कागदपत्रे शोधायची असतील तर सांगली जिल्हा या नावाखाली सगळे मिळणार नाही. १९४९ ते १९६० या काळात तो ‘दक्षिण सातारा’ होता, आणि त्याआधी आटपाडी औंध संस्थानात होती. जत तर स्वतंत्र संस्थानच. दप्तरे त्याप्रमाणे विखुरलेली आहेत.

माणकाठ

कृष्णाकाठ, धन्यवाद. हा कारखाना मात्र १९६० नंतरचा आहे, त्यामुळे दप्तर असलेच तर सांगलीतच असायला हवे. सूतगुंता ताई, आपल्या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नाही. हौद आणि ते एक यंत्र, याव्यतिरिक्त आत फक्त रिकाम्या जागेत बसवलेले दोन लोखंडी पाट आहेत. यंत्राचे वर्णन असे : मधोमध माझ्या उंचीएवढ्या व्यासाचा एक ढोल, त्याच्या वरच्या अर्ध्या भागाला लागून लहान रुळांच्या जोड्या, आणि पुढे एक मध्यम आकाराचा ढोल. सर्वांवर तारांचे दात.

निवृत्त यंत्रज्ञ

मी मिरजेचा, परंतु नोकरीची एकतीस वर्षे मुंबई-ठाण्याकडील लोकरी कापडाच्या गिरण्यांत गेली. आपण वर्णन केले आहे ते पिंजाईचे यंत्र, म्हणजे कार्डिंग मशीन. मोठा ढोल म्हणजे सिलिंडर. लहान रुळांच्या जोडीतील एक ‘वर्कर’ आणि दुसरा ‘स्ट्रिपर’, आणि पुढचा ढोल म्हणजे ‘डॉफर’, जो पिंजलेली लोकर पातळ जाळीसारखी उतरवून घेतो. कताईचे यंत्र आपण लिहिलेले नाही आणि त्याची जागाही दिसत नाही. म्हणजे आपला कारखाना हा पूर्ण कारखाना नव्हताच. तो धुलाई आणि पिंजाई केंद्र होता. गावाने त्याला कारखाना म्हटले, त्यात गैर काही नाही, पण त्याच्या जमाखर्चाचा विचार करताना हा फरक फार महत्त्वाचा आहे.

मोठ्या गिरणीत लोकर आली की आधी प्रतवारी होते, मग काटेरी ढोलातून झाडून माती काढतात. त्यानंतर धुलाई. आपले चार हौद त्यासाठीच : पहिल्या दोनांत साबण आणि धुण्याचा सोडा घातलेले सुमारे ५० अंशांचे पाणी, पुढच्या दोनांत साधे पाणी, आणि लोकर एका हौदातून दुसऱ्यात हलक्या हाताने ढकलत न्यायची. चोळली की ती गुठळते आणि तिचा नमदा, म्हणजे न विणता घट्ट जमलेला थर, होतो. हे पाणी तापवण्यासाठी आपल्याकडे बॉयलर होता की चुली होत्या, हे आजींना विचारावे.

या धुलाईची रचना मुळात मेरिनो या परदेशी मेंढीच्या बारीक लोकरीसाठी झाली आहे. त्या लोकरीत चरबीचा अंश इतका असतो की तो वेगळा काढून लॅनोलिन म्हणून विकतात आणि धुलाईचा काही खर्च त्यातून निघतो. दख्खनी मेंढीच्या लोकरीत चरबी थोडी, माती आणि कुसळे फार. म्हणजे खर्च तोच, आणि जोडउत्पन्न शून्य.

खरा घात कुसळांनी केला असावा. गोखरू, कुसळ, काटे हे मोठ्या गिरणीत विरल गंधकाम्लाने जाळून काढतात. लोकरीला आम्लाचे पाणी देऊन भट्टीत वाळवले की वनस्पतीचा अंश कोळसा होतो आणि चिरडून झटकता येतो, लोकरीला मात्र धक्का लागत नाही. ही सोय गावात करणे अवघड. ती नसेल तर सगळे काटे पिंजाईच्या तारांत जातात आणि दात बोथट होतात किंवा वाकतात. दातांचे कापड बदलणे हा त्या यंत्रावरचा सर्वांत मोठा खर्च. आपल्या यंत्राचे दात वाकलेले आहेत का, ते पाहून कळवाल का?

विटेकर

माझे विट्यात यंत्रमाग आहेत, सुती. यंत्रज्ञ काकांच्या ज्ञानाविषयी आदर आहे, पण उत्तर एवढे खोल शोधण्याची गरज नाही. बाजार संपला म्हणून कारखाना संपला. पानिपतहून शॉडीची ब्लँकेटे आली, म्हणजे परदेशातील जुने लोकरी कपडे फाडून काढलेल्या सुताची. ती घोंगड्यापेक्षा स्वस्त, मऊ आणि रंगीत होती. पाठोपाठ ॲक्रिलिक आले. पावसासाठी प्लॅस्टिकचा कागद आला. ज्या वस्तूला गिऱ्हाईक नाही तिचा कारखाना कोणीही चालवू शकत नाही, मग दात सरळ असोत की वाकडे. आम्ही यंत्रमागवाले हे दर पाच वर्षांनी अनुभवतो.

कोरडवाहू

विटेकर, आपल्या म्हणण्यात तथ्य आहे, पण शॉडीच्या ब्लँकेटची खोळ करून पावसात रानात उभे राहून पाहावे आणि मग प्रतिसाद संपादित करावा. आमच्या चुलत्यांनी हा प्रयोग एकदाच केला.

सूतगुंता

विटेकर, म्हसवडात माग थांबले ते गिऱ्हाईक अजिबात उरले नाही म्हणून नव्हे. वारीला जाणारे, वाड्यावरचे म्हणजे मेंढरांबरोबर फिरत्या तळावरचे धनगर, देवाच्या गादीसाठी नेणारे, असे गिऱ्हाईक कमी झाले तरी होतेच. थांबले ते सूत मिळेना म्हणून. चरख्यावर बसणाऱ्या बायकांना दिवसभरात जे मिळे त्यापेक्षा खुरपणीला अधिक मिळू लागले. एका घोंगड्याचे सूत कातायला जितके दिवस लागतात त्याच्या तुलनेत विणायला फारच थोडे. किंमत वाढवली तर गिऱ्हाईक जाई, न वाढवली तर कातणारी जाई.

आणि यंत्राच्या पिंजाईविषयी आईचे मत चांगले नव्हते. तिच्या म्हणण्याप्रमाणे यंत्रावरची लोकर दिसायला ढगासारखी असते, पण तिचा धागा ताण्याला टिकत नाही, खळ लावताना तुटतो.

निवृत्त यंत्रज्ञ

सूतगुंता, आपल्या मातोश्रींचे निरीक्षण अगदी बरोबर आहे. रुळांमधील अंतर कमी ठेवले तर तंतू तुटतो आणि आखूड होतो. हे यंत्र बारीक लोकरीच्या मापाने लावून दिले गेले असेल आणि स्थानिक माणसाला अंतर बदलण्याचे शिक्षण दिले नसेल, तर नेमके हेच होणार. मेरिनोचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉन जाडीचा, दख्खनीचा ४० च्या वर. शिवाय त्यातील बरेच तंतू आतून पोकळ असतात आणि रंग नीट घेत नाहीत. हे दोन पदार्थ नावाने सारखे आहेत, इतकेच.

म्हणूनच देशातील जुन्या मोठ्या गिरण्या आपल्या मुलखात आल्या नाहीत. कानपूरची लाल इमली १८७६ ची, पंजाबातील धारीवालची १८८० ची, ठाण्याची रेमंड १९२५ ची. लष्कराच्या जाड कांबळ्यांपुरती देशी लोकर चाले, अंगावरच्या कापडासाठी ऑस्ट्रेलियाची लागे.

गुरांचा डॉक्टर

पशुसंवर्धनाच्या बाजूने थोडे लिहितो. सातारा आणि सांगली या दोन्ही जिल्ह्यांत माझी नोकरी झाली आहे.

१९७८ साली राज्यात मेंढी व शेळी विकास महामंडळ स्थापन झाले. आज त्याच्या नावात पुण्यश्लोक अहिल्यादेवी आहेत. त्याची प्रक्षेत्रे आपल्याच टापूत आहेत : दहिवडी, रांजणी आणि पलीकडे सांगोल्याकडचे महूद. त्या काळात सगळ्यांच्या डोक्यात एकच विचार होता, की आपली लोकर जाडीभरडी आहे, तर मेंढी बदलावी. राहुरीच्या कृषी विद्यापीठात दख्खनीवर मेरिनो आणि रॅम्बुलेचा संकर करून पाहिला गेला. लोकर सुधारली, यात शंका नाही. परंतु संकरित मेंढीला सावली, चारा आणि औषध वेळच्या वेळी लागते. आपल्या धनगराची मेंढी दिवसाला कित्येक मैल चालते, उन्हात उभी राहते आणि पऱ्हाटीच्या वाळक्या पानांवरही जगते. वाड्यावरच्या माणसाने संकरित मेंढा ठेवून घेतला तरी तो कोकरे कोणती राखायची हे स्वतःच्या नजरेने ठरवी, आणि चालू न शकणारे कोकरू त्याच्या नजरेतून उतरत असे. मला यात त्याची चूक दिसत नाही.

दुसरी गोष्ट, दख्खनी मेंढीपासून वर्षाला मिळणारी लोकर अर्ध्या किलोच्या आसपास. शंभर मेंढ्यांचा मालक झाला तरी वर्षाकाठी पन्नास किलो, तीही दोन कातरणींत मिळून. एक बकरे विकले तर त्याहून अधिक पैसे हातात येतात. त्यामुळे पैदाशीची दिशा मटणाकडेच वळली. जतच्या माडग्याळ मेंढीला पाहा, तिच्या अंगावर नाव घेण्याजोगी लोकरच नाही, आणि आटपाडीच्या बाजारात चांगल्या माडग्याळ मेंढ्याची बोली लाखांत जाते. फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनातील गरोळ मेंढीचा जुळ्यांचा गुण आणून ‘नारी सुवर्णा’ तयार केली, तीही कोकरांच्या संख्येसाठी, लोकरीसाठी नव्हे.

बिरोबाचा पाईक

डॉक्टरसाहेबांनी आमच्या माणसाची बाजू समजून लिहिली, त्याबद्दल आभार. मी कवठेमहांकाळ तालुक्यातील शिक्षक असून आमच्या घरचा वाडा अजून फिरतो. वडील आणि धाकटा भाऊ मेंढरांबरोबर असतात.

आतापर्यंतच्या चर्चेत लोकर, यंत्र आणि बाजार या तिन्हींविषयी लिहिले गेले, मेंढरे कुठे असतात याविषयी कोणीच लिहिले नाही. दसऱ्यानंतर आमची मेंढरे गाव सोडतात. काही कृष्णेच्या काठाला, काही कोकणात, काही पार भीमेकडे. शेतकऱ्याच्या रानात वाघर, म्हणजे जाळीचे कुंपण, लावून मेंढरे बसवायची, खताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घ्यायचे आणि पुढे सरकायचे. पाऊस पडला की परत. म्हणजे वर्षातले सात-आठ महिने आटपाडीची मेंढरे आटपाडीत नसतातच. कातरणी जिथे वाडा असेल तिथे होते. मेंढरे आदल्या दिवशी ओढ्यात किंवा कालव्यात धुऊन काढायची, वाळली की भाऊबंद जमवून कातरायची, आणि तिथेच आलेल्या व्यापाऱ्याला लोकर मापून द्यायची. पन्नास किलो लोकरीचे ओझे घोड्यावर घालून ती गावच्या कारखान्यात आणून कोण देणार?

मग कारखान्याला लोकर मिळायची ती पावसाळ्याच्या आगेमागे, मेंढरे गावात असतील त्या काही आठवड्यांत. उरलेले वर्ष पगार, वीज आणि कर्जाचे हप्ते चालूच. कारखाना एका जागी, लोकर पायांवर. ही इमारत बांधताना एखाद्या म्हाताऱ्या धनगराला विचारले असते, तर त्याने पाया खणण्याआधीच हे सांगितले असते. आणि आमची लोकर मेंढीच्या अंगावरच धुतलेली असते, हेही त्याने सांगितले असते. चार हौद कशासाठी बांधले, हे कोडे मला यंत्रज्ञ काकांच्या उत्तरानंतरही सुटलेले नाही.

निवृत्त यंत्रज्ञ

पाईक सर, हा मुद्दा मला सुचला नव्हता आणि तो मी विनातक्रार मान्य करतो. अंगावर धुतलेली लोकर असेल तर तिला गार पाणी आणि थोडा साबण पुरेसा आहे. चार हौदांचा आराखडा दुसऱ्या मुलखातून जसाच्या तसा उचललेला असणार.

विटेकर

पण मग तो फिरता व्यापारी ती लोकर कुठे नेत होता? बाजार होता म्हणूनच ना तो रानात येत होता?

बिरोबाचा पाईक

उत्तरेकडे, गालिचे आणि नमद्यासाठी. विटेकर, आपला मुद्दा मी खोडत नाही. तो व्यापारीही हळूहळू येईनासा झाला. आज कातरणीची मजुरी आम्हीच पदरची देतो आणि लोकर बांधावर पडून राहते. कातरली नाही तर मेंढरू उन्हाने आणि गोचिडांनी बेजार होते, म्हणून कातरायची.

कृष्णाकाठ

हे वाचून वाईट वाटले. अलीकडे देशी लोकरीचा वापर वाढावा म्हणून ‘देशी ऊन’ नावाने काही संस्था एकत्र काम करीत आहेत, असे वाचनात आले. जाड लोकरीचे सतरंज्या, नमदे, उष्णतारोधक पट्ट्या असे उपयोग त्या सुचवतात. आपल्या पूर्वजांचे जेन आणि बुरणूस वेगळे काय होते?

सूतगुंता

जेन बसायला, बुरणूस पांघरायला. बुरणूस विणत नाहीत. लोकर पसरून, भिजवून, लाटून त्याचा थर जमवतात. यंत्रज्ञ काका ज्या गुठळण्याला दोष म्हणाले, तोच तिथे गुण आहे.

माणकाठ

उशिरा उत्तर देत आहे, कारण मधल्या काळात मी गावी जाऊन आलो. आपण सर्वांनी इतके लिहिले, तर निदान दात मोजून यावेत असे वाटले.

दात वाकलेले आहेत. मोठ्या ढोलाचा एक संपूर्ण पट्टा गेलेला आहे आणि उरलेल्या तारांत अजूनही गोखरू अडकलेले आहेत. त्यातला एक मी सोबत आणला आहे, चाळीस वर्षांनंतरही तो बोटाला टोचतो. पाणी तापवायला बॉयलर नव्हता. हौदाच्या कडेला चुलाणाच्या काळ्या खुणा आहेत आणि आजी म्हणते, की पहिल्या वर्षी पाणी तापवत होते, नंतर सरपण परवडेना आणि ओढाही पौषात आटत असे, म्हणून हौद कोरडेच राहिले. त्यांत मग लोकर साठवत.

मोठी गोष्ट पुढेच आहे. आमचे एक चुलत आजोबा तिथे काट्यावर होते. त्यांनी माळ्यावरून एक वही काढून दिली. ही वजनाची वही आहे, पैशाची नव्हे, त्यामुळे ‘खाल्ला’ या आरोपाचा निकाल तिच्यातून लागत नाही. रकाने असे आहेत : काळी, पांढरी, मिसळ, जावळ आणि शेवटी घट. हा घटीचा रकाना म्हणजे सगळ्या भांडणांचे मूळ, असे आजोबा म्हणाले. संस्था मातीचे वजन वजा करी आणि मेंढपाळ म्हणे की ही माती नाही, मेंढीचा घाम आहे. काहींनी लोकरीत वाळू मिसळून हिशेब चुकता केल्याचेही ते हसत हसत सांगतात.

पाईक सर, आपले म्हणणे त्या वहीत दिसते. ज्येष्ठ-आषाढात पानामागून पाने भरलेली आहेत, भाद्रपदात पुन्हा थोडी, आणि नंतर थेट पुढच्या वर्षाचा ज्येष्ठ. मधल्या महिन्यांना आजोबांनी कोरे पानही दिलेले नाही.

पण वहीच्या उत्तरार्धात मला अपेक्षित नसलेली गोष्ट सापडली. शेवटच्या तीन-चार वर्षांत खरेदीचे रकाने जवळजवळ रिकामे आहेत आणि त्याऐवजी ‘पिंजाई’ अशी एकच नोंद वारंवार येते, समोर गावाचे नाव आणि किलो. शेजारच्या गावांतले विणकर स्वतःची लोकर आणून पिंजून नेत होते, आणि या नोंदी वर्षभर पसरलेल्या आहेत. आजोबांच्या म्हणण्याप्रमाणे कारखान्याने विजेचे बिल स्वतःच्या कमाईतून भरले ते याच काळात. तारा गेल्या, नव्या घ्यायला संस्थेकडे पैसे नव्हते आणि कर्ज मागायला जावे तर जुने थकलेले. एके दिवशी पट्टा तुटला आणि यंत्र थांबले.

सूतगुंता

माणकाठ, त्या नोंदींत म्हसवड आहे का?

माणकाठ

आहे. सात वेळा. एकदा समोर ‘अंतर वाढवून’ असे कंसात लिहिले आहे.

सूतगुंता

म्हणजे कोणीतरी आईसारखेच तिथे जाऊन भांडले होते.

निवृत्त यंत्रज्ञ

आणि कोणीतरी ते ऐकून रुळांचे अंतर बदलले होते. ज्या माणसाने हे केले तो स्थानिक असणार आणि तो यंत्र शिकला होता. त्याला तारांचा एक संच मिळाला असता, तर ते यंत्र आणखी दहा वर्षे चालले असते, असे मी व्यवसायाच्या अनुभवावरून म्हणतो.

विटेकर

दहा वर्षे, त्याहून अधिक नाही. ॲक्रिलिकविषयीचे माझे मत कायम आहे. मात्र भाड्याने पिंजाई हा धंदा मला पटला. आमच्याकडेही ज्यांनी स्वतःचे कापड विकण्याचा हव्यास न धरता मजुरीवर सूत गुंडाळून दिले, ते टिकले.

गुरांचा डॉक्टर

एक शंका. मिसळ लोकरीचा रकाना किती मोठा आहे? संकरित मेंढ्यांचा प्रसार आपल्या भागात कितपत झाला होता, याचा अंदाज कदाचित पांढऱ्या लोकरीच्या वजनावरून बांधता येईल.

माणकाठ

डॉक्टरसाहेब, पांढरी फारच थोडी आहे. प्रत्येक पानावर काळीच अधिक. पानांची छायाचित्रे नावे झाकून रविवारपर्यंत इथे देतो. यंत्रावर बनवणाऱ्या कंपनीची पाटी होती, ती भंगारवाला काढून घेऊन गेला आहे. फक्त चार स्क्रूंची भोके उरली आहेत.

कोरडवाहू

वाळू मिसळणाऱ्यांची नावे मात्र अजिबात झाकू नयेत. त्यांत आमचे आजोबा असण्याची दाट शक्यता आहे.

सूतगुंता

आजोबांना आणखी एक विचाराल का? पिंजलेली लोकर विणकर कशात बांधून नेत असत? आमच्या घरी जुन्या घोंगड्याची एक मोठी झोळी आहे, तिच्या कोपऱ्यावर पांढऱ्या सुताने एक खूण शिवली आहे. ती कशाची, हे आईलाही सांगता येत नाही.

माणकाठ

विचारतो. ते गुरुवारी बाजाराला येतात, तेव्हा फोनवर सापडतील. आपण त्या खुणेचे छायाचित्र पाठवा.